फोलीचे आजोबा

गर्गेकाकांना माणसाचा चेहरा दिसत नाही, आडनाव दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर काका अक्षरं सोडून डॉक्टरच्या कोटावरचा बिल्ला वाचतात, "थॉमस म्हणजे कोट्टयमकडचे का हो?" असं विचारतात, आणि मग तपासणी डॉक्टरची होते. चष्म्याचा नंबर काढायला गेलेले काका डॉक्टरचे खापरपणजोबा काढून परत येतात. नंबर तसाच राहतो.

माझी त्यांची पहिली भेट अल वक्रातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये झाली. मी नुकताच दोह्याला आलो होतो. खांद्यावर गुंडाळलेली गादी होती आणि गादीच्या मागे कुठेतरी मी होतो. दार आपटलं तसं गादीच्या तोंडून अस्सल सातारी शिवी गेली. लिफ्टमधल्या एका बारक्या, टकलू, खिशात भिंग अडकवलेल्या गृहस्थांनी गादीला विचारलं, "आडनाव?"

"पाटणकर," गादी म्हणाली.

"हां. वर कोण?"

मला वाटलं मजला विचारतायत. मी सातवा सांगितला. "तसं नव्हे हो. वडील कोण, आणि त्यांच्या वर कोण? चला, वर चला." त्यानंतर लिफ्ट आणि काका यांची जी शर्यत लागली ती काकांनी जिंकली. लिफ्ट पाचव्या मजल्यावर असताना ते माझ्या पणजोबांपाशी पोचले होते, आणि सातव्यावर दार उघडलं तेव्हा त्या पणजोबांची दुसरी बायको कुठली होती हे मला कळलं होतं. आमच्या घरात त्यांना दुसरी बायको होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी अतिशयोक्ती करतो असं तुम्हाला वाटेल. थोडी करतो. पण दुसरी बायको खरी निघाली.

दोह्यातली मराठी माणसं काकांनी अशी एकमेकांत गुंतवून ठेवलीयत, की सणासुदीला कोण कुणाच्या पाया पडायचं याचा आधी त्यांना फोन करावा लागतो. अल दुहैलचे एक देवधर आणि अल रय्यानचे दुसरे देवधर वर्षानुवर्षं एकमेकांना न ओळखता सुखानं नांदत होते. काकांनी सिद्ध केलं की त्यांचे पणजोबा सख्खे भाऊ. मोठी गळाभेट झाली, पुरणपोळीचं जेवण झालं, आणि दुसऱ्या पोळीवर तूप पडेपर्यंत गावच्या विहिरीवर कुणी हक्क सांगितला होता हे दोघांनाही आठवलं. आता ते पुन्हा बोलत नाहीत, पण भाऊबंद म्हणून बोलत नाहीत. काकांच्या मते ही प्रगती आहे. माझ्याबाबतीत त्यांनी एवढंच शोधलं की नात्यानं मी माझ्या बायकोचा लांबचा चुलतकाका लागतो. मेधा चिडली की तेव्हापासून मला काका म्हणते, आणि मुलगी विचारते, "बाबा, व्हाय इज आई कॉलिंग यू दॅट?"

या वेडाचं मूळ नाशकात आहे. काकांचं आजोळ तीर्थोपाध्यायांचं. यात्रेकरू गोदावरीवर येतो, उपाध्यांना गाव आणि आडनाव सांगतो, आणि उपाध्ये फडताळातून एक लांबोडकं बाड काढून त्याच्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव त्याच्यापुढे धरतात. मग तोही खाली आपलं आणि आपल्या मुलाबाळांचं नाव लिहितो. ही नामावळी. काकांचं बालपण या बाडांच्या धुळीत शिंकण्यात गेलं. मोठमोठे मिशाळ लोक ते अक्षर बघून कसे ढसढसा रडायचे, हे काका अजून सांगतात. इतर पोरं मोठेपणी ड्रायव्हर व्हायचं म्हणायची. काका म्हणाले, मी लोकांना रडवणार.

झाले मात्र डॉक्युमेंट कंट्रोलर. आमच्या कंपनीत ड्रॉइंगची कुठली आवृत्ती चालू आणि कुठली रद्द, हे ठरवण्याचं काम गेली तीस वर्षं ते करतात. एका चुकीच्या तारखेसाठी त्यांनी अख्खी पाइपलाइन थांबवलीय. मोठमोठे साहेब त्यांच्या 'रद्द'च्या शिक्क्याला टरकून असतात. काकू गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा कॅनडात, दर शुक्रवारी फोन. बाकीचा आठवडा काकांचा आणि आम्हा सगळ्यांच्या पूर्वजांचा.

आणि मग लिफ्टमध्ये मार्टिन फोली आला.

फोली तिसऱ्या मजल्यावर राहायचा. साठीचा, आडवातिडवा, उन्हानं गाजरासारखा झालेला माणूस. प्लान्टवर परांच्या तपासायचं काम. मजूर वर चढण्याआधी फोली स्वतः एकेक सांधा हलवून बघायचा, आणि एक जरी डुगडुगला तरी शांतपणे "खलास" म्हणून काम बंद करायचा. बोलणं एवढंच. आमच्या बिल्डिंगमध्ये तो कित्येक वर्षं राहिला, पण त्याचा आवाज ऐकलेली माणसं दुर्मीळ होती. मी स्वतः त्याला बराच काळ मुका समजत होतो.

त्या दिवशी तो पहिल्यांदाच काकांच्या तावडीत सापडला. काकांनी बिल्ला वाचला आणि मूळ कुठले म्हणून विचारलं. बर्मिंगहॅम, फोली म्हणाला. "ते राहायला. मूळ?" तिसरा मजला आला, दार उघडलं, मिटलं. फोली उतरला नाही. सातव्यापर्यंत वर गेला, पुन्हा खाली आला, आणि तिसऱ्यावर पाय बाहेर टाकताना म्हणाला, "मला माहीत नाही."

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. माणसाला मधुमेह असतो, कर्ज असतं, समजू शकतं. पण माणसाला मूळ माहीत नाही? दुसऱ्या दिवशी ते चहाचा थर्मास घेऊन फोलीच्या दारात हजर झाले, आणि एकेक करून गोष्ट बाहेर आली. फोलीचा बाप आयर्लंडमधल्या केरी नावाच्या परगण्यातून इंग्लंडला बांधकामावर मजुरीला आला. फोली पाच वर्षांचा असताना तो परांचीवरून पडून गेला. आईनं दुसरं लग्न केलं, नवऱ्याच्या घरात आधीच्याचं नाव निघत नसे, पुढे आईही गेली. फोलीनं लग्न केलं ते टिकलं नाही, मूल नाही. मग बहारीन, ओमान, कतार. आयर्लंड त्यानं आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. बापाकडून मिळालेलं त्याच्याकडे फक्त आडनाव होतं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं.

गल्फमध्ये हे वाक्य कसं ऐकतात ते बाहेरच्याला नाही कळायचं. इथं कोणीच कायमचा नसतो. शुक्रवारी वक्राच्या समुद्रावर भेळ खात बसलेल्या कुठल्याही घोळक्यात कान द्या, अजून दोन वर्षं, मग परत, हेच चाललेलं असतं. कुणाचं परत म्हणजे कोथरूड, कुणाचं सिन्नर, कुणाचं कुडाळ. दोन वर्षांची वीस होतात ती गोष्ट वेगळी, पण परत जायला प्रत्येकापाशी एक गाव असतं. फोलीपाशी नव्हतं. तो काकांना म्हणाला, की ट्रॅव्हल एजंट कुठलं तिकीट काढू विचारतोय आणि त्याला काय सांगावं ते सुचत नाही.

काकांनी भिंग पुसलं. "आडनाव आहे ना? मग घर आहे. मी काढून देतो."

पुढचे कित्येक महिने आमच्या बिल्डिंगवर आयर्लंडचं राज्य होतं. तिथल्या चर्चमधल्या बारशांच्या जुन्या नोंदी आता कॉम्प्युटरवर बघायला मिळतात. कुणाचं मूल, आईबाप कोण, साक्षीला कोण उभं राहिलं, सगळं लॅटिनमध्ये, आणि अक्षर असं की पाद्रीबुवांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बोट बुडवून लिहिलंय. मोडी वाचलेल्या माणसाला लॅटिनचं काय भय? काकांनी ती अक्षरं महिन्याभरात पाठ केली. जनगणनेचे बरेच जुने कागद शंभरेक वर्षांपूर्वी डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागून जळाले, हे कळलं तो दिवस मला आठवतो. आमच्याकडे मुलीचा वाढदिवस होता. काकांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

"आज गोड नको. दफ्तरखाना जळाला."

मेधानं घाबरून विचारलं, आपल्या ऑफिसचा का? नाही, डब्लिनचा. कधी? शंभर वर्षं झाली. "पण मला आजच कळलं ना," काका म्हणाले. आणि खरोखर त्यांनी श्रीखंडाला बोट लावलं नाही.

केरीमध्ये फोली शेकड्यांनी निघाले. आपल्याकडे एखाद्या गावात जिकडेतिकडे पाटीलच, तसं. शिवाय नावंही तीच तीच, कारण तिथेही थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत. हे वाचून काका इतके हर्षभरित झाले की त्यांनी फोलीला मिठीच मारली. फोलीला बहुधा ओमाननंतर कुणी मिठी मारलेली नव्हती. तो परांचीसारखा ताठ उभा राहिला. चर्चच्या ऑफिसांना काकांनी आपल्या सरकारी थाटाच्या इंग्रजीत मेल पाठवायला सुरुवात केली: सदर इसमाचे आजोबा त्वरित पाठवून उपकृत करावे. आजोबा आले नाहीत तर स्मरणपत्र. एका म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी कळवलं, की आजोबा सापडत नाहीत, पण आपल्यासाठी प्रार्थना करतो. काकांनी त्याची पोच दिली आणि विषय प्रलंबित ठेवला.

इतक्या फोलींतून आपला फोली ओळखायचा कसा? इथे काकांना सोपं गेलं. फोलीच्या जन्मदाखल्यावर बापाचं पूर्ण नाव होतं: डॅनियल पॅट्रिक फोली. झालं की काम. मुलगा डॅनियल, बाप पॅट्रिक, आडनाव फोली. काका म्हणाले, देव सगळ्यांनाच असा स्वच्छ दाखला देवो. आम्हीही माना डोलावल्या. मी मार्टिनला विचारलं, तुझे आजोबा पॅट्रिक का? तो खांदे उडवून म्हणाला, असतील. त्याच्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि पॅट्रिक सापडला. समुद्राकाठच्या एका लहानशा गावात पॅट्रिक फोली, त्याचा मुलगा डॅनियल, डॅनियलचा धाकटा भाऊ मायकेल, आणि मायकेलची मुलगी नोरा. जिवंत. सत्तरीची. त्याच घरात राहणारी.

पहिला व्हिडिओ कॉल काकांच्या हॉलमध्ये झाला. मेधानं थालीपिठं लावली होती. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, लोकरीचा स्वेटर घातलेल्या नोराबाई आल्या आणि जे बोलायला लागल्या ते इंग्रजी होतं असं नंतर आम्हाला सांगण्यात आलं. बर्मिंगहॅमचा फोलीसुद्धा अर्ध्यावर अडकत होता. काका मात्र सगळं समजल्यासारखे माना हलवत होते. थोडं थोडं उलगडलं. डॅन काका तरुणपणी इंग्लंडला गेला आणि त्याचं पुन्हा पत्र आलं नाही. आजीनं त्याची सायकल गोठ्यात टांगून ठेवली होती आणि घरातल्या कुठल्या पोराला तिच्यावर बसू दिलं नाही. तो आला की त्याला लागेल ना. आजी गेली, मायकेल गेला, सायकल अजून टांगलेलीच आहे.

फोली पडद्याकडे झुकला. थालीपीठ हातात तसंच राहिलं. मग त्यानं विचारलं, "रंग कोणता?"

काळा, नोराबाई म्हणाल्या. मागचं मडगार्ड नाही.

त्यानंतर फोली बोलायला लागला. तोंड फुटलं म्हणतात तसं. लिफ्टमध्ये सायकल, पार्किंगमध्ये सायकल. नोराबाईंनी पॅट्रिक आजोबांचा फोटो पाठवला तेव्हा काका सगळ्या बिल्डिंगला नाक दाखवत फिरले. नाक बघा, नाक! सगळ्यांनी फोलीचं नाक आणि फोटोतलं नाक ताडून पाहिलं आणि एकमतानं एकच ठरवलं. तसलं नाक माझंही आहे, पण मला कुणी विचारलं नाही. काकांनी ऑफिसच्या मोठ्या प्लॉटरवर वंशवृक्ष छापला, पलंगाच्या चादरीएवढा, कोपऱ्यात ड्रॉइंग नंबर आणि 'मंजूर' असा शिक्का. नोराबाईंनी समुद्राकडची खोली रंगवून घेतली. फोलीनं ट्रॅव्हल एजंटला बेधडक आयर्लंड सांगितलं.

सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात ऑफिसात ग्रेस आली.

ग्रेस मेरी डोनोव्हन. आयर्लंडचीच, कॉर्कची, तेवीस-चोवीस वर्षांची हसरी मुलगी, एचआरमध्ये नवीन. तिची कागदपत्रं नोंदीसाठी काकांच्या टेबलावर आली आणि काकांनी ती परत पाठवली. वर शेरा मारला: उमेदवाराच्या वडिलांचे नाव स्त्रीचे दिसते. कृपया खात्री करावी.

ग्रेस हसत हसत त्यांच्या टेबलापाशी गेली. मी तिथेच होतो, एका खरेदीच्या ड्रॉइंगसाठी भांडत होतो. तिनं सांगितलं, की तिच्या वडिलांचं नाव टिमथी. मेरी हे तिचंच नाव, मावशीवरून ठेवलेलं. आमच्याकडे मधलं नाव बापाचं नसतं, ती म्हणाली, आवडलं ते ठेवतात. "तुमच्याकडे बापाचं असतं? किती सोपं."

काकांनी मान हलवली. सही केली, शिक्का मारला, कागद तिच्या हातात दिले. मग खुर्चीत बसून राहिले. मी म्हणालो, काका, पाणी देऊ का? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटणकर, मी फोलीच्या आजोबांना पॅट्रिक केलं."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसं मी पण खुर्ची ओढली. डॅनियल पॅट्रिक. पॅट्रिक बापाचं नाव नव्हतंच. ते एक नुसतंच ठेवलेलं नाव होतं, आणि आम्ही सगळ्या मराठी मंडळींनी, देवधर ते पाटणकर, एकाही माणसानं त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं. ठेवणार कसं? आमच्यापैकी प्रत्येकाच्या पासपोर्टवर मध्ये बाप बसलेला.

काकांनी धीर सोडला नाही. कदाचित आजोबा पॅट्रिकच असतील, योगायोगानं. त्यांनी फोलीच्या आईबापाच्या लग्नाच्या नोंदीची प्रत इंग्लंडहून मागवली. तिकडच्या लग्नाच्या दाखल्यात नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव लिहितात. ती प्रत आधी मागवली असती तर, पण गरजच वाटली नव्हती. प्रत आली ती मंगळवारी. फोलीचं विमान गुरुवारी दुपारचं.

दाखल्यावर आजोबांचं नाव कॉर्नेलियस होतं.

पुढचं काकांनी एका संध्याकाळीत शोधलं, आता त्यांना त्या नोंदी तोंडपाठ होत्या. कॉर्नेलियस फोली, डोंगराच्या पलीकडच्या गावचा. मुलगा डॅनियल, त्याच्या आधीची आणि नंतरची भावंडं लहानपणीच गेलेली. त्यानंतर त्या घराची एकही नोंद नाही. ना लग्न, ना बारसं. जमीन दुसऱ्याच कुणाच्या नावावर. खऱ्या वाटेवर कुणीच उरलं नव्हतं, आणि खोट्या वाटेवर एक बाई खोली रंगवून बसली होती.

बुधवारी आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकांच्या शर्टाच्या खिशात दाखल्याची घडी होती. काका सांगणार होते, यात मला शंका नव्हती. या माणसानं भर लग्नात नवरदेवाच्या आजोबांचं नाव दुरुस्त केलेलं मी पाहिलंय. एवढी मोठी चूक अंगावर घेऊन ते एक जिनाही उतरू शकले नसते. मी वाटेत म्हणालो होतो, काका, आणि नोराबाईंचं काय? त्यांचाही डॅन काका खोटा ठरणार. त्यांनी खिशातली घडी चाचपली.

फोली सामान भरत होता. पलंगावर सूक बाजारातून आणलेली नोराबाईंसाठीची शाल, खजुराचे डबे, एक पितळी कॉफीची सुरई. वंशवृक्षाची गुंडाळी त्यानं पाइपच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकांना टेप लावली होती. आणि एक नवी कोरी वस्तू होती: सायकलचं मागचं मडगार्ड. साइझ माहीत नाही, तो म्हणाला, पण बसवता येईल. त्याची गंमत वाटून मी हसलो. काका हसले नाहीत.

फोलीनं विचारलं, बापाच्या भावाच्या मुलीला तुमच्या भाषेत काय म्हणतात? काका म्हणाले, चुलत बहीण. फोलीनं ते दोनतीनदा घोळवून पाहिलं. चुलट बाहीन. मग त्याची नजर काकांच्या हाताकडे गेली. हात सारखा खिशाकडे जात होता. तीस वर्षं सांधे हलवून बघणारा माणूस तो.

"मधुकर," तो काकांना म्हणाला, "सगळं तपासलंयस ना? अगदी वरपर्यंत?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पिवळं आभाळ आणि शेजारच्या बिल्डिंगची भिंत.

"तपासलंय," काका म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

फोलीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग शाल घडी करता करता म्हणाला, "आणि काही डुगडुगत असलं, तर मी तिथे पोचून जरा रुळल्यावर सांग. आत्ता नको."

काकांनी होकार दिला. खिशातला कागद बाहेर आला नाही.

गुरुवारी मी ऑफिसला बुट्टी मारून दोघांना विमानतळावर घेऊन गेलो. निरोप कोरडा झाला, पुरुषांचा होतो तसा. हातात हात, खांद्यावर थाप, इन्शाल्ला. तो लांबोडका पाइप आत नेऊ देणार की नाही यावर सगळ्यांनी भरपूर चर्चा केली, कारण दुसरं काही बोलायला नको होतं. मग फोली आत गेला. काचेपलीकडे त्याची गाजरासारखी मान बराच वेळ दिसत होती.

पार्किंगमध्ये गाडी नुसती तापली होती. मी इंजिन सुरू करून एसी लावला. काका म्हणाले, थांब जरा. मी थांबलो.

"त्या नोराबाईनं फोनवर त्याला काय काय विचारलं ऐकलंस?" काका समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. "गादी मऊ लागते की कडक. चहा कितपत कडक. पायाशी जाड पांघरूण ठेवू का. विमान उतरल्यावर आधी जेवणार की आधी झोपणार."

मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांना काळजी असते.

"माझंही कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय," काका म्हणाले. "नाशिकचं घर तुझ्या काकूच्या आजारपणातच विकलं. मुलगा म्हणतो, पप्पा, एनी टाइम. चांगला आहे रे पोरगा. दर शुक्रवारी म्हणतो." त्यांनी एसीची झडप आपल्याकडे वळवली. "एनी टाइम म्हणजे कधी, पाटणकर?"

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसलो. वरून एक विमान गेलं, ते फोलीचं नव्हतं, त्याला अजून अवकाश होता, तरी काकांनी वाकून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

मग माझा फोन वाजला. मेधा होती. काका बरोबर आहेत ना, तिनं विचारलं. त्यांना सरळ आपल्याकडेच घेऊन ये, घरी जाऊन एकटे बसतील, आणि त्यांना विचार, पिठलं केलंय, बरोबर भाकरी टाकू की पोळी.

मी फोन कानापासून दूर केला आणि विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"भाकरी," ते म्हणाले. "जरा कडक भाजायला सांग."